शापाला कलम लागतं

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही पाच मित्र दर रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीत एकाच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो आणि टेबलावरचा भूमिकांचा खेळ खेळतो. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा. गेममास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मी. दोन महिने राबून मी एक शापित गाव रचलं, काळबंदर. समुद्रकाठ, चेटकिणीचा शाप, कायमचं धुकं, काळी पडलेली घरं, रात्री सांगाडे. पहिल्या रविवारी सगळे खूश. तिसऱ्या रविवारी एकजण म्हणाला, "भावा, हे कुठलंबी गाव हाय की," आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. खरं सांगायचं तर समुद्र आम्हाला वर्षातून एकदा मालवणला गेलो की दिसतो, तेवढाच. पूर मात्र पाहिलाय, २०१९चा पण आणि २०२१चा पण. समुद्राकाठचं गाव उद्ध्वस्त होतं म्हणजे नेमकं काय होतं, कुठल्या क्रमानं होतं? आणि चेटकीण मारली की शाप संपला, याशिवाय दुसरा शेवट असतो का? सहा रविवार उरलेत.
– गेममास्टर, राजारामपुरी

उत्तर:

तुमच्या मित्राची तक्रार रास्त आहे. काळबंदरला शाप आहे, पण त्या शापाला कारण नाही, मुदत नाही, वसुलीची रीत नाही. चेटकीण रागावली आणि गाव बुडालं, एवढंच असेल तर खेळणाऱ्यांना शोधायला उरतं काय? तिचं घर. ते सापडलं की तलवार उपसायची आणि घरी जायचं. मग सहा रविवार कशाला हवेत?

आपल्याकडचा शाप इतका मोघम कधी नव्हता. गधेगाळ कधीतरी पाहिला असेल. नसेल तर तो असा: उभा दगड, वर चंद्र-सूर्य, मध्ये कोरलेला मजकूर, खाली गाढव आणि बाई यांचं अभद्र शिल्प. मजकुरात कुणी कुणाला काय दान दिलं ते असतं. चंद्र-सूर्य आहेत तोवर ते चालावं, आणि जो मोडेल त्याच्यासाठी खालची शिवी. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख असाच एका गधेगाळावर आहे. त्यावरचं वर्ष शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचलं जातं आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत तो मोजतात. देवी महालक्ष्मीच्या नावे धान्य लावून दिल्याची ती नोंद आहे. शिलाहार राजांच्या अमलात असे दगड समुद्रकाठीही रोवले गेले आणि घाटावरही. त्यांचीच एक शाखा कोल्हापुरात नांदली, तेव्हा तुमच्या टेबलावर हा दगड परका वाटायचं कारण नाही. शिवी ही करारनाम्याची शेवटची ओळ असते, एवढं ध्यानात घेतलंत की निम्मं काम झालं.

म्हणून नकाशा बाजूला ठेवा आणि आधी तीन वाक्यं लिहा. कुणी कुणाला काय कबूल केलं. ते कुणी, कशापायी मोडलं. आणि मोडल्याची वसुली कोणत्या एका वस्तूतून होते. 'एका' या शब्दाखाली दोनदा रेघ मारा. धुकं, सांगाडे, काळं पाणी, आजारपण, वेडाचे झटके असं सगळं एकदम आलं की खेळाडू कशाचाच माग काढू शकत नाहीत, आणि कंटाळा तिथून सुरू होतो.

पहिल्या वाक्यासाठी सिंधुदुर्गाकडे बघा. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळण होते. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतं, तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या घालून राहतं, आणि पुन्हा कौल झाला की परततं. तेवढे दिवस गाव ओस. आता याच रीतीवरून तुमच्या गावाच्या कराराचं कलम लिहा: ही जमीन मुळात माणसांची नव्हतीच. जे आधीपासून राहत होते त्यांना दर चौथ्या वर्षी मार्गशीर्षात तीन रात्री गाव रिकामं करून द्यायचं, त्या रात्री गावात एकही चूल पेटवायची नाही, आणि बदल्यात बाकीच्या सगळ्या रात्री त्यांनी समुद्राला वेशीबाहेर धरून ठेवायचं. हे त्या गधेगाळावर कोरा. दगड वेशीवर, निम्मा वाळूत गाडलेला, म्हणजे 'चूल' हा शब्द खणल्याशिवाय दिसणार नाही.

दुसरं वाक्य कोल्हापूरकराला फुकट मिळतं. हा करार मोडला गुळानं.

घाटावरून एक सावकार उतरला, त्यानं किनाऱ्यालगतच्या मळ्यात ऊस लावला आणि गुऱ्हाळ घातलं. मार्गशीर्ष म्हणजे ऐन हंगाम. तोडलेला ऊस दिवस-दीड दिवसात घाण्याला लागला नाही तर उतारा घटतो, काढलेला रस तर काही तासांत आंबतो. चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल, एकदा पेटलं की काहिलीमागून काहील चढत राहते. तीन रात्री गुऱ्हाळ बंद म्हणजे तोडून ठेवलेला सगळा ऊस पाण्यात. सावकार म्हणाला, गाव जाऊ दे, माझे गुळवे आणि घाणेकरी राहतील. गावानं मान डोलावली, कारण निम्म्या गावाला त्यानं उचल दिलेली होती. असा माणूस खलनायक म्हणून चेटकिणीच्या शंभरपट बरा. त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि तुमच्या टेबलावरच्या पाचही जणांना ते पटेल. निदान दोघांच्या तरी घरी ऊस असणार.

वसुलीची वस्तू मग आपोआप ठरते: मीठ. त्या वर्षीपासून सावकाराच्या काहिलीत गूळ बसत नाही. गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी काढतो, पाक तारेवर येतो, वाफ्यात ओततात आणि निवल्यावर ढेप बोटानं दबते, चाटली तर खारट. यात जादू शून्य आहे बरं का. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ असाच होतो, मऊ पडतो आणि जिभेला खारट लागतो. शापाची पहिली खूण अशी असावी, की शेतकऱ्यानं तिला जमिनीचा दोष म्हणून सोडून द्यावं.

गावाचं नावही बदला. काळबंदर म्हटल्यावर पुढचं कुणाला सांगायला नको, आणि कुठलंही गाव स्वतःला असं नाव ठेवत नाही. वेळास, वेळणेश्वर यांतला 'वेळ' किनाऱ्याचा. त्या चालीवर 'आडवेळ' ठेवून बघा.

आता क्रम. तुम्ही पूर पाहिलाय म्हणता, तीच अडचण आहे. पंचगंगा चढते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, मग पाणी घरात येतं, काही दिवस राहतं, ओसरतं. मागे गाळ आणि भिंतीवर एक आडवी रेघ. माणसं धुऊन-पुसून, रंग मारून परत राहायला लागतात. तुमचं गाव याच हिशोबानं रचलेलं आहे: एका रात्रीत घाला आला आणि नंतर सगळं जागच्या जागी थांबलं. मीठ असं येत नाही. ते आत शिरतं आणि बाहेर जायचं नाव घेत नाही. तीन गावपळणी चुकल्या असं धरा, म्हणजे बारा वर्षं झाली. चारशे उंबऱ्यांचं गाव सदतीस माणसांवर आलंय. ही बारा वर्षं नीट उतरवली तर प्रत्येक पडक्या वस्तूवरून खेळाडूंना साल सांगता येईल.

सुरुवात विहिरीपासून. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड, म्हणून किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. वरची पातळी अर्धा फूट उपसली तर खालून खारं पाणी हळूहळू २० फूट वर सरकतं. सावकाराच्या उसावर दिवसभर दोन मोटा चालत होत्या, हे इथे जोडा. समुद्राच्या सर्वांत जवळची विहीर आधी जाते, तीही चैत्र-वैशाखात. पाणी आधी मचूळ लागतं. मग बायका म्हणायला लागतात की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. खेळाडूंनी गावात पहिलं वाक्य ऐकावं ते हे. 'आमच्यावर शाप आहे' असं म्हणणारी म्हातारी वेशीवर बसवू नका, तिचा कंटाळा सगळ्या जगाला आलाय.

विहिरीनंतर बाग. पोफळीला खारं पाणी सोसत नाही, ती शेंड्याकडून पिवळी पडत जाते आणि तिच्यावर चढवलेली पानवेल तिच्याबरोबर जाते. माड दम धरतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या वर्षी बागेत माड उभे आणि त्यांच्यामध्ये बिनशेंड्याचे पोफळीचे खांब, असं दिसायला हवं. सगळीच झाडं वाळलेली दाखवलीत तर ते जंगलातल्या वणव्याचं चित्र झालं.

शेत मात्र बांधामुळे जातं, आणि इथे जरा रेंगाळा, कारण गावाचं खरं मरण या बांधावर आहे. खाडीलगतची भातखाचरं समुद्रापासून वाचतात ती खारबंधाऱ्यामुळे. मातीचा बांध, त्यात उघाडी. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला तिचं दार बाहेरच्या दाबानं आपोआप लागतं. या दारात एक ओंडका अडकला की भरती आत. बांधाला खेकडे बिळं पाडतात. दर उधाणाला कुणीतरी बांधावरून फिरून बिळं हातानं चिखल भरून बुजवायची असतात. बीळ मुठीएवढं असतं तोवर एका माणसाचं काम. तेच राहिलं तर पुढच्या उधाणाला त्यातून धार लागते, धार माती नेते, आणि पहाटेपर्यंत बैलगाडी जाईल एवढी खांड पडते. मग पन्नास माणसं लागतात, आणि आडवेळात तोवर पन्नास माणसं उरलेली नसतात. भुतांनी बांध फोडला असं दाखवू नका. भुतांनी एवढंच केलं की बांधावर रात्री फिरणाऱ्याला घरी पाठवलं. खांड पडल्यावर दोन-तीन वर्षांत खाचरात तिवर उगवते आणि चिखलातून तिची श्वासमुळं वर येतात, वीतभर उंच, शेकड्यांनी, सगळी सरळ. रात्री कंदिलाच्या उजेडात हे भातशेत एकदा खेळाडूंना पार करायला लावा. सांगाड्यांची गरज पडणार नाही.

माणसं कोण आधी जातात? परीट. त्याला गोडं पाणी लागतं. मग उधारी बुडाल्यामुळे दुकानदार, मग ज्यांचे पाहुणे घाटावर आहेत ते. रापणीचं जाळं ओढायला दोन्ही दोरांवर पाच-पन्नास माणसं लागतात. ती भरेनात की मासे समोर असूनही जाळं मांडवातच राहतं. तुमच्या जगात नायलॉन नसणार, तेव्हा सुताचं किंवा तागाचं जाळं झाडाच्या सालीच्या काढ्यात वरचेवर बुडवावं लागतं. ते थांबलं की एका हंगामात जाळं हातात तुटतं.

होड्यांबद्दल एक गोष्ट हटकून चुकते. खेळाडूंना किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी होडी सापडते, ते ती पाण्यात ढकलतात आणि निघतात. दोन वर्षं कोरडी राहिलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आकसलेल्या असतात, सांध्यांतला कापूस आणि राळ सुटलेली असते. ती दोनशे हातांवर जाऊन भरेल. तिला उथळ पाण्यात दोन दिवस बुडवून फळ्या फुगू द्याव्या लागतात, मग सांधे पुन्हा भरायचे. उलट जी होडी बारा वर्षं खाडीत बांधूनच राहिली, ती वरून धडधाकट दिसते आणि आतून समुद्री किड्यानं पोखरलेली असते. सुरी टोचली की मुठीपर्यंत जाते. दोन होड्या ठेवा, एक कोरडी, एक ओली. कुठली निवडायची यावर निम्मा रविवार जाईल.

घरं शेवटी. नळीची कौलं दर वर्षी पावसाआधी परतावी लागतात, वांदरं आणि वारा त्यांना जागेवर राहू देत नाहीत. माणूस गेला की पहिल्या पावसात एक वासा भिजतो, दुसऱ्यात रीप कुजते, चौथ्या-पाचव्यात आढं बसतं. कोकणपट्टीवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे विसरू नका. कोल्हापुरातलं पडकं घर डोळ्यांपुढे आणलंत तर फसाल. खिळे, बिजागऱ्या, कड्या आधी गंजून फुगतात, त्यामुळे भिंती उभ्या आणि दारं आडवी पडलेली असं दृश्य असतं. पितळी समई हिरवी होऊन जागेवर असते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र. खारा ओलावा त्यात गुडघ्या-कमरेपर्यंत चढतो, पाणी उडून जातं, मीठ आतल्या छिद्रांत दाणे धरतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. हा लोणा. भिंतीला हात लावला तर तळव्याला तांबडी पूड लागते, जिभेला खारट. म्हणजे उन्हाळ्यात आडवेळ खालून कमरेपर्यंत पांढुरकं, पावसात हिरवं, आणि शेवाळ वाळलं की जांभा तेवढा काळवंडलेला. सरसकट काळं कधीच नाही.

धुक्याचं राहिलंच. खाडीवर हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, उन्हं चढली की जातं. कायमचं धुकं हे थंड मुलखाचं भांडवल आहे, तिकडेच राहू द्या. त्याऐवजी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर कधी कधी लाटा रात्री निळसर चमकतात, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. फुटलेल्या उघाडीतून तेच पाणी खाचरात शिरलेलं असलं की कुणी चालताना पावलागणिक निळा उजेड उठतो. आणि पाऊल दिसत नसताना उठला तर?

आता गावाचा राखणदार. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तुमच्या आडवेळातल्या राखणदाराच्या देवळात अशाच वहाणांची रांग ठेवा, एकेका वर्षाची एकेक जोडी. जुन्या सगळ्या टाचेला झिजलेल्या. शेवटच्या बारा जोड्यांचे तळ कोरे, वरून बुरशी. कुणी काही बोलायचं नाही. घरातली एक जुनी कापशी चप्पल आणि एक नवी टेबलावर मांडून ठेवा आणि खेळाडूंनी उलटी करून बघेपर्यंत गप्प बसा. ज्या वर्षी चूल विझली नाही त्या वर्षापासून राखणदार बाहेर पडलेला नाही, हे त्यांच्या त्यांनी काढलं तर तुमचं काम झालं. नाही काढलं तर पुजाऱ्याला चामडं पुसताना दाखवा, त्याहून जास्त मदत नको.

वेळेचा धाक पायऱ्यांनी घाला. आडवेळच्या धक्क्याच्या कोरड्या पायऱ्या हा तुमचा राजाराम बंधारा. पण इथेही बऱ्याच जणांची चूक होते: दर रविवारी पाणी चढतं दाखवतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि अष्टमीला भांग, तेव्हा भरतीही लहान. खेळातला आठवडा आणि बाहेरचा आठवडा एक धरलात, तर एक रविवार उधाणाचा आणि एक भांगाचा येईल. पहिला अष्टमीचा घ्या. भर भरतीला कोरड्या पायऱ्या अशा सांगा: ८, ५, ६, ३, ४ आणि शेवटच्या पौर्णिमेला ०. तिसऱ्या आणि पाचव्या रविवारी पाणी उतरलेलं पाहून त्यांना वाटेल, आपण केलेल्या कशाचा तरी गुण आला. वाटू द्या.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. सप्तमीला ७ ची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास भरती, आणि सहा तासांनी, सव्वाअकराला, ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा, दुपारी आणि रात्री. जागेनुसार तासभर इकडेतिकडे होतं, खेळाला पुरे. हा हिशोब एका कोळणीच्या तोंडून एकदाच सांगा आणि मग वेळ विचारली की फक्त तिथी सांगत चला.

शेवट. चेटकीण नाहीच, तेव्हा मारायला कुणी नाही. देणं आहे: चुकलेल्या तीन पळणींच्या नऊ रात्री. सदतीस माणसांना नऊ रात्री वेशीबाहेर न्यायचं आणि गावातली एकही चूल पेटू द्यायची नाही. ऐकायला सोपं. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला तरी दिवसाला १५ किलो, नऊ दिवसांना सुमारे १३५. पिण्या-रांधण्याला माणशी ५ लिटर पाणी म्हणजे १५ लिटरच्या तेरा घागरी. गुरं सगळे विसरतात. नऊ गुरं उरली असतील तर प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे आणखी चोवीस घागरी. रोजच्या सदतीस घागरी गोडं पाणी जिथे मिळेल अशीच जागा झोपड्यांना हवी, आणि वेशीबाहेर तशी एकच आहे, सावकाराच्या बांधावरचा झरा. त्याच्याकडे जावंच लागतं. शिवाय एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा, एक बाळंतीण, आणि गुऱ्हाळघरात अजून धुगधुगत असलेलं चुलवाण, जे सावकार विझवू देत नाही. बारा वर्षं झाली, काहिलीतून मीठच निघतंय, आणि तो तेच विकून तगलाय.

निघण्याआधी गाऱ्हाणं घालावं लागेल आणि ते खेळाडूंनीच तोंडानं घालायचं, फाशावर नाही. कुणापुढे उभे आहोत, काय चुकलं, कुणाचं चुकलं, काय मागतो, बदल्यात काय देतो. पाचातलं एक जरी राहिलं तरी मागचे गावकरी 'होय महाराजा' म्हणत नाहीत. ती शांतता तुम्ही पाळायची. मग कौल. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. टेबलावर वरवंटा उभा करून दोन ओल्या पाकळ्या खरंच लावून बघा, फाशापेक्षा जास्त श्वास रोखले जातात. प्रश्न हो-नाहीचाच हवा आणि एका रात्री तीनच. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यावरून कटकट होईल.

सप्तमीला निघाले तर नववी रात्र पौर्णिमेची येते, रात्री सव्वाअकराची भरती आणि शून्य पायऱ्या. त्या रात्री सावकाराच्या चुलवाणात निखारा आहे की नाही, एवढ्यावर सगळं अडकलेलं असू द्या. जिंकले तरी सकाळी विहीर गोडी करू नका. मीठ पावसानं धुऊन जातं: आधी खांड बुजवायची, मग दोन-तीन पावसाळे खाचरातून पाणी उघाडीवाटे सोडायचं, तेव्हा कुठे भात. नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं. आणि ज्यांनी आढं बसलेलं घर मागे टाकलं, त्यांतले फार थोडे परततील.

त्या सकाळी देवळात कुणीतरी तेराव्या वहाणेचा तळ बघायला हात घालणारच. टाच झिजलेली आहे की कोरी, हे आधी ठरवून ठेवा, फाशावर सोडू नका. झिजलेली हवी असेल तर नव्या चपलेच्या टाचेवर दोन मिनिटं कानस मारली की काम होतं. चप्पल मात्र स्वतःची घ्या.